हलकं लांब, जड जवळ

मुलांना सांगितलं, उद्या मोबाईल बघायला जायचंय.
घरातली एक निकामी धातूची वस्तू आणा.
तेहेतीसच्या तेहेतीस हजर.
परीक्षेलाही इतके येत नाहीत.

उद्यमनगर. बंद पडलेल्या फौंड्रीला लागून
इंदुमती अतिग्रे यांचं शेड.
पाटी नाही. दारावर एक पत्र्याचा मासा,
डोळ्याच्या जागी बोल्ट.

आत छताला सळ्यांच्या फांद्या,
एकीला दुसरी, दुसरीला तिसरी,
टोकाटोकाला पत्र्याची पानं, पितळी चकत्या, अर्धा चिमटा,
आणि कुणी हात न लावता ते सगळं
म्हशी रंकाळ्यात शिरतात तसं
सावकाश वळत होतं.

"बाई, मोबाईल कुठाय?" ओंकारनं विचारलं.
मी वर बोट केलं.
तेहेतीस माना मागं पडल्या,
मग तेहेतीस चेहरे.
"ह्याला चार्जिंग कुठनं?"

इंदूताई काही बोलल्या नाहीत.
उठून मागची खिडकी उघडली.

वडील इंजिनाचे भाग ओतायचे.
त्या डबा घेऊन यायच्या आणि साच्याच्या ओल्या वाळूत
बोटानं चिमण्या काढायच्या.
दोनदा मार खाल्ला.
तिसऱ्यांदा वडिलांनी उरलेला रस
गुपचूप त्या खळग्यात सोडला.
ती चिमणी अजून आहे, जाड, बेढब, एका पंखाची.
ओंकारनं उचलून बघितली, "लई वजन हाय की!"
"म्हणून तर ती उडत नाही," इंदूताई म्हणाल्या,
"बाकीच्यांना मी उडवते."

मग पोतं पसरलं. आणलेलं बाहेर काढा.
सायकलची घंटी. अडकित्त्याचा एक पाय.
स्टोव्हचा बर्नर. हुपरीच्या मामानं दिलेलं घुंगरू, न वाजणारं.
ओंकारनं आजोबांच्या रिक्षाचा मीटर आणला होता,
दोन्ही हातांनी, छातीशी धरून.
आफरीननं डबा उघडला.
आत अब्बूंच्या लेथखालचा कीस,
चकलीसारखा वळलेला, निळसर,
फुंकर घातली तर उडेल असा.
"कचरा आणलाय," कुणीतरी म्हणालं.
तिनं झाकण परत लावायला घेतलं.

इंदूताईंनी ते झाकण काढून घेतलं.
एक सळई दोरीला अडकवली.
"गुळाच्या सौद्यात काटा बघितलाय?
तिथं मधोमध धरतात. इथं तसं नाही.
जड असेल त्याला जवळ ठेवायचं,
हलक्याला लांब जाऊ द्यायचं."
मीटर दोरीशी. कीस पार टोकाला.

सळई मीटरकडं कलली.
दोरी एक बोट सरकवली.
अजून अर्धं.
वर्गात मी छडी आपटूनही होत नाही
इतकी शांतता झाली.
मला तर वाटलं, पडणार.
त्यांनी हात काढला.

रिक्षाचा मीटर, शेरभर लोखंड,
एका फुंकरीएवढ्या किसानं तोलून धरला.
"अब्बूंना दाखवायचंय," आफरीन म्हणाली,
एवढंच. अख्ख्या वर्षात
तिनं आपणहून उच्चारलेलं
माझ्या लक्षात राहिलेलं पहिलं वाक्य.

आता ते शाळेच्या व्हरांड्यात आहे, पाण्याच्या टाकीवर.
प्रार्थनेला कुणाचेच डोळे मिटत नाहीत,
मुख्याध्यापकांची तक्रार आहे. माझेही मिटत नाहीत.
घंटी मधूनच बर्नरला लागते
आणि पहिलीची पोरं सुट्टी झाली म्हणून दप्तरं उचलतात.

परवा तपासणीला साहेब आले.
"हे काय लटकवलंय?"
"मोबाईल हाय, सर," ओंकार उभा राहून.
"शाळेत मोबाईलला बंदी आहे, माहीत नाही?"
मी खाली बघत राहिले, ओठ दाबून.

तेवढ्यात पंचगंगेकडनं वारा आला.
किसाची सावली साहेबांच्या फाईलवरनं
सही करायच्या जागेपर्यंत चालत गेली,
आणि त्यांनी ती बोटानं झटकली,
मुंगी समजून.
दोनदा.